भूल देणाऱ्या सिस्टरची तालीम

बारावीचा निकाल लागला की आमच्या शाळेत पालकांची ये-जा सुरू होते. आमची शाळा उर्दू माध्यमाची, दहावीपर्यंतच. तरी मुलं बारावी झाली की पुढं काय करायचं हे विचारायला लोक जुन्या शिक्षकांकडेच येतात. मराठवाड्यातल्या तालुक्याच्या गावात दुसरं विचारायचं तरी कुणाला? गेली बावीस वर्षं मी इथं उर्दू आणि मराठी शिकवते. त्यामुळं कित्येक घरांत आई आणि मुलगी दोघीही माझ्या विद्यार्थिनी आहेत.

यंदा आलेल्यांत एक गृहस्थ होते. फळांचा गाडा लावतात. मुलगी विज्ञान शाखेची, नीटमध्ये एमबीबीएसला पुरतील इतके गुण नाहीत, आणि ती नर्सिंगला जायचं म्हणते. त्यांची पहिली अडचण नेहमीची होती. "आपा, रात कू दवाखाने में रहना पडता. लोगां क्या बोलेंगे?" या प्रश्नाची मला सवय आहे. पण दुसरं वाक्य त्यांनी जरा थांबून म्हटलं : "हुशार बच्ची है. जिंदगीभर डॉक्टर के हाथ के नीचे काम करेगी क्या?"

हे वाक्य मला जास्त महत्त्वाचं वाटलं. रात्रपाळीचा प्रश्न लोकांच्या तोंडाचा आहे. हाताखाली राहण्याचा प्रश्न मुलीच्या आयुष्याचा आहे, आणि बापानं तो विचारावा हे चांगलंच आहे. त्यांना मी जे सांगितलं तेच इथं थोडं सविस्तर लिहिते.

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या अमेरिकेत शिकते आहे. नाव लिहू नका असं तिनं बजावलंय. २००६ साली ती आमच्या शाळेतून दहावी झाली. वडील शिंपीकाम करायचे. इथं बीएस्सी नर्सिंग, मग सौदी अरबस्तानात एका रुग्णालयाच्या आयसीयूत काही वर्षं, मग अमेरिकेची परवाना परीक्षा, तिथंही आयसीयू. २०२० साली कोरोनानं जग बंद पडलं तेव्हा ती व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांजवळ उभी होती. आता ती 'नर्स अ‍ॅनेस्थेटिस्ट' होण्याच्या शिक्षणाच्या शेवटच्या टप्प्यात आहे. म्हणजे ऑपरेशनच्या वेळी रुग्णाला भूल देणारी, आणि ऑपरेशन संपेपर्यंत त्याचा श्वास, रक्तदाब आणि हृदय सांभाळणारी नर्स.

आपल्याकडे भूल डॉक्टरच देतात, आणि तेही त्याच विषयात पदव्युत्तर शिक्षण घेतलेले. त्यामुळं नर्स भूल देते हे ऐकून पुष्कळांना धक्का बसतो. मलाही नवल वाटलं होतं. पण अमेरिकेत ही परंपरा दीडशे वर्षांच्या आसपासची आहे. पेनसिल्व्हेनियातल्या एरी शहरात सेंट व्हिन्सेंट रुग्णालयात सिस्टर मेरी बर्नार्ड १८७७ पासून हे काम करू लागल्या. भूल हेच आपलं खास काम मानणाऱ्या पहिल्या ज्ञात नर्स म्हणून त्यांचं नाव घेतात. पुढं मिनेसोटातल्या रॉचेस्टरमध्ये प्रसिद्ध मेयो बंधूंच्या ऑपरेशनांना अ‍ॅलिस मॅगॉ नावाच्या नर्स भूल देत. १९०६ साली त्यांनी आपल्या १४ हजारांहून अधिक रुग्णांचा आढावा छापला. त्यांत भुलीमुळं झालेला मृत्यू एकही नव्हता. ईथर थेंबाथेंबानं द्यायचं आणि रुग्णाशी शांतपणे बोलत राहायचं, ही त्यांची पद्धत होती. १९३१ मध्ये अ‍ॅगाथा हॉजिन्स यांच्या पुढाकारानं या नर्सेसची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. नर्सनं भूल देणं म्हणजे परवान्याशिवाय डॉक्टरकी करणं, असा आरोप डॅगमार नेल्सन या नर्सवर झाला. खटला कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९३६ मध्ये निकाल तिच्या बाजूनं लागला.

वाद मात्र अजून मिटलेला नाही. या नर्सेसवर डॉक्टरची देखरेख असायलाच हवी की नको, यावर तिथं डॉक्टरांच्या आणि नर्सेसच्या संघटना आजही भांडतात. राज्याराज्यांत नियम वेगळे आहेत. त्या भांडणात मला पडायचं नाही. माझा विषय शिक्षणाचा आहे. आयसीयूत डॉक्टरनं लिहिलेलं औषध देणारी नर्स, औषध कोणतं आणि किती हे स्वतः ठरवणारी कशी होते, हे मला समजून घ्यायचं होतं. तिची सकाळ ती आपली संध्याकाळ. रविवारी ती फोन करते आणि मी वही घेऊन बसते.

पहिली अट प्रवेशाचीच आहे. पदवी आणि नर्सिंगचा परवाना असून भागत नाही. अतिदक्षता विभागात किमान एक वर्ष पूर्णवेळ काम केलेलं असावं लागतं. कित्येक जणी त्याहून जास्त वर्षं काढून येतात. पुढं किमान तीन वर्षांचं शिक्षण. २०२२ पासून प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाला ते डॉक्टरेटच्या दर्जाचं करावं लागतं. शरीरक्रिया, औषधशास्त्र, भुलीच्या यंत्राची रचना हे सगळं वर्गात होतं. त्याशिवाय किमान २००० तास प्रत्यक्ष रुग्णालयातलं काम आणि किमान ६०० रुग्णांना भूल दिल्याची नोंद. प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवायची : वय काय, ऑपरेशन कोणतं, आपण नेमकं काय केलं.

आणि ६०० म्हणजे सोपे ६०० चालत नाहीत. रुग्ण किती आजारी आहे यावरून भूलशास्त्रात १ ते ६ असे वर्ग पाडलेले आहेत. पहिल्या वर्गात निरोगी माणूस. तिसऱ्यात गंभीर आजार असलेला. चौथ्यात ज्याच्या जिवाला आजाराचा सतत धोका आहे असा. पाचव्यात ऑपरेशन झालं नाही तर जगण्याची आशाच नाही असा. सहाव्या वर्गात मेंदूमृत अवयवदाता. या विद्यार्थिनींच्या नोंदवहीत तिसऱ्या वर्गापासून पुढचे किमान २०० रुग्ण असावेच लागतात. शिवाय म्हातारी माणसं, दोन वर्षांच्या आतली बाळं, बाळंतिणी, अपघातात सापडलेले, छाती उघडून केलेली ऑपरेशनं, या प्रत्येकाचा किमान आकडा ठरलेला आहे. "आपा, सोपे रुग्ण घेऊन पास होता येत नाही," असं ती म्हणाली.

गंभीर रुग्णाला भूल देणं वेगळं का, हे मी तिला विचारलं. खऱ्या रुग्णाची हकिगत ती सांगत नाही, तिथल्या नियमात ते बसत नाही. म्हणून तिनं वर्गात शिकवतात तसा नमुना सांगितला. समजा, सत्तरीचा माणूस आहे. आतडं फुटलंय, पोटात घाण पसरलीय, जंतुसंसर्ग रक्तात गेलाय. रक्तदाब आधीच खाली, ताप, धाप, आणि पोट भरलेलं. ऑपरेशन टाळता येत नाही. धडधाकट माणसाला झोपवणारं प्रोपोफोल नेहमीच्या मात्रेत दिलं, तर रक्तदाब आणखी कोसळेल आणि हृदय बंद पडू शकेल. म्हणजे ज्या औषधानं झोप येते त्यानंच जीव जाऊ शकतो. मग मात्रा कमी करायची की केटामाइनसारखं दुसरं औषध घ्यायचं, हे ठरवायचं. रक्तदाब उचलून धरणारं औषध झोपवण्याआधीच सुरू ठेवायचं. मनगटाच्या धमनीत बारीक नळी घालायची, म्हणजे प्रत्येक ठोक्याचा दाब पडद्यावर दिसतो. मास्कनं काही मिनिटं प्राणवायू द्यायचा, कारण झोप लागल्यापासून श्वासनलिकेत नळी जाईपर्यंत रुग्ण त्याच साठ्यावर जगतो, आणि आजारी माणसाचा साठा फार लवकर संपतो. पोट भरलेलं असल्यामुळं उलटी फुप्फुसात जायची भीती, म्हणून झोपेचं आणि स्नायू सैल करणारं औषध लागोपाठ देऊन नळी पटकन घालायची. नळी श्वासनलिकेतच गेली की चुकून अन्ननलिकेत, हे बाहेर येणाऱ्या कार्बन डायऑक्साइडच्या रेषेवरून ओळखायचं. रेष उमटली नाही तर ताबडतोब नळी काढून पुन्हा प्रयत्न.

हे सगळं काही मिनिटांत. पुढचे तीन-चार तास सर्जन पोटात काम करत असताना सलाईन, रक्त, लघवी, तापमान, भुलीची खोली यांचा हिशेब चालू. शेवटी रुग्ण उठवायचा की झोपलेलाच व्हेंटिलेटरवर आयसीयूत न्यायचा हा निर्णय, आणि तिथल्या नर्सला तोंडी सगळं सोपवणं.

मी म्हटलं, "यातलं बरंचसं तू आयसीयूत करतच होतीस ना?" ती म्हणाली, "औषधं तीच होती, आपा. व्हेंटिलेटरही तोच. पण तिथं कुणीतरी लिहून द्यायचं आणि मी द्यायचे. इथं आमच्या बाई शेजारी उभ्या राहतात आणि विचारतात, आता काय करशील? का? आणि ते चाललं नाही तर?"

बीएडला आम्हाला सूक्ष्म अध्यापन होतं. चाळीस मुलांचा वर्ग अंगावर यायच्या आधी पाच-सहा मिनिटांचा छोटा पाठ घ्यायचा, त्यात एकच कौशल्य, समोर आपलेच वर्गमित्र. मग निरीक्षक सांगायचे काय जमलं, काय नाही, आणि तोच पाठ पुन्हा. नंतर खऱ्या वर्गात सराव पाठ, मागच्या बाकावर निरीक्षक वही घेऊन. तिचं शिक्षण ऐकताना मला ही रचना ओळखीची वाटली. आधी सिम्युलेशनची खोली. तिथं श्वास घेणारा, नाडी लागणारा पुतळा असतो. शिक्षक पलीकडच्या खोलीतून त्याचा रक्तदाब पाडतात, घसा सुजवतात, यंत्रातला प्राणवायू बंद करतात. नंतर सगळे गोल बसून बोलतात : तुला काय दिसलं, तू काय समजलीस, मदत कधी मागितलीस. मग ऑपरेशन थिएटर. पहिल्या महिन्यांत शिक्षकाचा हात तिच्या हाताजवळ. मग एक पाऊल मागे. मग खोलीच्या कोपऱ्यात. हात काढून घेण्याचं हे काम फार विचारपूर्वक चालतं. लवकर काढला तर रुग्णाचा घात, आणि कधीच काढला नाही तर विद्यार्थिनी कायम हाताखालीच.

तिला सगळ्यात अवघड काय गेलं? मला वाटलं औषधांची गणितं म्हणेल. ती म्हणाली, मोठ्यानं बोलणं. नळी जाईना तर काही सेकंदांत, खोलीतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणायचं की मला दिसत नाही, मदत बोलवा. रुग्णाचा रक्तदाब घसरला तर सर्जन कितीही मोठा असो, थांबा म्हणायचं. "आपा, आपल्याकडे मुलीनं आवाज चढवला की तिला बेअदब म्हणतात. मला हे शिकायला पुतळ्यासमोर कितीदा तरी ओरडावं लागलं."

हे ऐकल्यापासून मी माझ्या वर्गाकडे वेगळ्या नजरेनं बघते. आमच्या मुली पाठांतरात पुढं असतात, अक्षर सुंदर, वह्या पूर्ण. पण "तुला काय वाटतं?" असं विचारलं की मान खाली. हुकूम पाळणं त्यांना घरीही शिकवतात आणि शाळेतही. आणि मग नर्सिंग म्हणजे हुकूम पाळण्याचंच काम अशी आपली समजूत असल्यामुळं आपण एक तर मुलीला तिकडं पाठवत नाही, नाहीतर 'लवकर नोकरी लागेल' एवढ्याच हिशेबानं पाठवतो. तिथून पुढं किती वाट आहे हे कुणी सांगतच नाही.

भाषेची शिक्षिका म्हणून एक गंमत सांगते. मराठीत 'भूल' शब्दाला दोन अर्थ आहेत. भूल म्हणजे चूक, आणि भूल म्हणजे बेशुद्ध करणं. उर्दूत भूल म्हणजे चूक आणि विसर. भूल देताना होणारी भूल, असं वाक्य मुलांना दिलं तर ती हसतात. पण या कामात त्या दोन अर्थांमध्ये फार थोडं अंतर आहे, आणि ही सगळी तालीम ते अंतर राखण्यासाठीच आहे.

आपल्या भागाचाही या विद्येशी जुना संबंध आहे, आणि तो आपण विसरलो आहोत. मराठवाडा ज्या निजाम राज्यात होता, त्याच्या राजधानीत १८८८ आणि १८८९ मध्ये क्लोरोफॉर्मवर दोन आयोग बसले. डॉ. एडवर्ड लॉरी यांचा पुढाकार होता आणि खर्च सहावे निजाम महबूब अली खान यांनी उचलला. क्लोरोफॉर्मनं आधी श्वास थांबतो की हृदय, हा प्रश्न होता. आधी श्वास थांबतो, म्हणून श्वासावर लक्ष ठेवा, असं आयोगानं म्हटलं. हृदयही अचानक थांबू शकतं हे पुढं सिद्ध झालं, म्हणजे आयोगाचं उत्तर अपुरं ठरलं. पण त्या काळात हैदराबादच्या वैद्यकीय शाळेत रूपाबाई फर्दूनजी नावाची पारशी मुलगी शिकत होती. दुसऱ्या आयोगाच्या कामात तिचाही सहभाग होता. ती डॉक्टर झाली. जगातल्या अगदी सुरुवातीच्या स्त्री-भूलतज्ज्ञांत तिचं नाव घेतात. आपल्याच दक्खनमध्ये, सव्वाशेहून अधिक वर्षांपूर्वी.

आणि शुश्रूषेचं म्हणाल तर मदिनेतल्या हजरत रुफैदा अस्लमिया यांची आठवण मीलादच्या जलशांत आपण कितीदा ऐकतो? खंदकच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना ज्यांच्या तंबूत ठेवलं होतं त्या या रुफैदा. तो तंबू मस्जिदीत होता. जखमी पुरुषांची सेवा बाईनं करणं तिथं चाललं. मग आपल्या तालुक्याच्या दवाखान्यात ते का खटकावं?

आता अडचणींबद्दल. त्या खोट्या नाहीत. माझ्या विद्यार्थिनीला डोक्यावरच्या कपड्याची काळजी होती. ऑपरेशन थिएटरमध्ये सर्जनपासून सफाईवाल्यापर्यंत सगळ्यांचंच डोकं झाकलेलं असतं हे तिथं गेल्यावर कळलं, आणि आम्ही दोघी फोनवर खूप हसलो. फीची अडचण मोठी होती. या तीन वर्षांत बाहेर नोकरी करणं जवळपास अशक्य, आणि व्याजाचं कर्ज घ्यायला तिचं मन तयार नव्हतं. म्हणून तिनं आधी काही वर्षं जादा पाळ्या करून पैसा साठवला. लग्नाचं वय निघून चाललं म्हणून अम्मीचे फोन येत राहिले. तिच्या बिरादरीत अजूनही लोक तिला 'वो सिस्टर' म्हणतात. तिला त्याचं वाईट वाटत नाही. मला वाटतं.

इथल्या मुलींना मी खोटी आशा दाखवत नाही. भारतात नर्सला भूल देण्याचा अधिकार नाही, आणि कुणाही मुलीला मी अमेरिकेचं स्वप्न विकणार नाही. पण गंभीर रुग्णाच्या उशाशी उभं राहून निर्णय घेण्याचं शिक्षण इथंही वाढतं आहे. भारतीय परिचर्या परिषदेचा 'नर्स प्रॅक्टिशनर इन क्रिटिकल केअर' हा दोन वर्षांचा निवासी पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. बीएस्सी नर्सिंग झालेल्या, आयसीयूचा अनुभव असलेल्या मुलीसाठी तो आहे, आणि त्यात बहुतेक वेळ रुग्णालयातच जातो. एमएस्सी आहे, पुढं पीएचडी आहे. बारावीनंतर नर्सिंगला जाणाऱ्या मुलीला ही पुढची वाट पहिल्याच दिवशी सांगायला हवी.

म्हणून फळवाल्या भाईंना मी म्हटलं, "भाई, हाताखाली तर सगळेच सुरुवात करतात. तुमचा गाडाही आधी दुसऱ्याचाच होता ना? हात कधी निघेल आणि कोण काढेल, ते विचारा. कॉलेज बघायला जाल तेव्हा त्यांचं स्वतःचं किंवा जोडलेलं रुग्णालय आहे का, तिथं आयसीयू आहे का, मुली प्रत्यक्ष किती तास काम करतात, हे विचारून या. इमारत किती मोठी आहे ते बघू नका. आणि रात्रपाळीचं म्हणाल, तर होस्टेल आणि दवाखाना यांत किती अंतर आहे तेही बघा. ती काळजी बरोबर आहे, तिच्यावर उपाय करा, पण तिच्या नावाखाली मुलीला घरात बसवू नका."

ते थोडा वेळ गप्प बसले. मग मुलीकडं वळून विचारलं, "तू बोल, तेरे कू क्या लगता?" तिनं आधी माझ्याकडं बघितलं. मी काही बोलले नाही. मग ती हळूच, पण ऐकू येईल असं म्हणाली, "मेरे कू जाना है, अब्बा."

अजून त्यांचं पक्कं ठरलेलं नाही. घरात आजी आहे, चुलते आहेत. कॉलेज बघायला मात्र बाप-लेक दोघंही जाणार आहेत. आपल्या वाचकांत डॉक्टर आहेत, सिस्टर आहेत, परदेशात काम करणाऱ्याही आहेत हे मला माहीत आहे. तुमच्या गावच्या शाळेत एकदा जा आणि नववी-दहावीच्या मुलींना आपण काय काम करतो ते अर्धा तास सांगा. आणि जमातीच्या शिष्यवृत्तीची यादी करणाऱ्यांना माझी विनंती आहे. इंजिनिअरिंग आणि एमबीबीएसच्या खाली नर्सिंगचाही एक रकाना असू द्या. उद्या तुमच्या-माझ्या उशाशी जी जागी बसणार आहे, तिची फी आज कुणीतरी भरायला हवी.